वाचून दाखविले, बरोबर आहे

माझ्या हातानं जितक्या माणसांना निर्दोष लिहिलं आहे, तितक्यांना कुठल्या हायकोर्टानं सोडलं नसेल. ती सगळी निर्दोष होती असं माझं म्हणणं नाही. म्हणणं त्यांचं असायचं, अक्षर माझं असायचं आणि खाली अंगठा पुन्हा त्यांचा. मी वऱ्हाडातल्या जेलांच्या ऑफिसात कारकून होतो. आधी अकोल्याकडे, मग अमरावतीकडे. नेमकं कोणतं जेल ते लिहीत नाही. पुढे जी चूक सांगणार आहे ती माझी आहे, इमारतीची नाही.

जेलात कारकुनाला काय काम, असं लोक विचारत. लग्नाच्या वेळी सासऱ्यांनीही विचारलं होतं. काम असं की, शिक्षा झालेल्या माणसाला वरच्या कोर्टात अपील करता येतं. ज्याच्या घरी माणसं आहेत तो बाहेरून वकील लावतो. ज्याचं कोणी नाही त्यालाही कायद्यानं एक वाट ठेवली आहे. त्यानं जेलातूनच अर्ज करायचा. याला आम्ही जेल अपील म्हणत असू. कैद्यानं सांगायचं, कारकुनानं लिहायचं, वाचून दाखवायचं, अंगठा घ्यायचा, साहेबांची सही झाली की मुदतीच्या आत टपालात टाकायचं. अपील एकदाच. फेटाळलं गेलं की पुढे दया मागायची, न्याय नाही. दयेचा नमुना वेगळा होता, तो दुसऱ्या कपाटात असे.

प्रत्येक अर्जाच्या शेवटी एक ओळ ठरलेली होती: 'वरील मजकूर अपीलदारास वाचून दाखविला, समजावून सांगितला व तो बरोबर असल्याचे त्याने कबूल केले.' तिच्याखाली माझी सही. ही ओळ वाचकांनी लक्षात ठेवावी. मी ती बरीच वर्षं लक्षात ठेवली नव्हती.

अकोल्याला आमचे बडे बाबू मीरसाहेब म्हणून होते. पान, अत्तर आणि उर्दू लफ्ज यांत बुडालेला माणूस. पहिल्याच आठवड्यात मी एका कैद्याची हकीकत लिहून घेत होतो. पाच पानं झाली तरी तो अजून लहानपणातच होता. मीरसाहेबांनी कागद हातात घेतले, नाकाशी धरले आणि परत दिले.

"मियाँ, कैदी बोलता है तो बोलने दो. दिल हलका होता है बेचारे का. मगर लिखो वही, जो लिखा जाता है."

आणि त्यांनी मला नमुना दिला. अपीलदार गरीब व निरपराध आहे. साक्षीदार हितसंबंधी आहेत. पूर्वीच्या अदावतीमुळे अपीलदारास खोटे गुंतविले आहे. खालच्या कोर्टाने पुराव्याचा योग्य विचार केला नाही. तरी संशयाचा फायदा मिळावा. पाच वाक्यं. नाव, गाव आणि कलम बदललं की कुठल्याही माणसाला बसत. खिसेकापूला बसत, खुन्याला बसत, आणि मला वाटतं प्रसंग आला असता तर मीरसाहेबांनाही बसली असती.

छप्पनच्या दसऱ्याला आम्ही घरदार नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो. त्यानंतर लवकरच माझी बदली अमरावतीकडे झाली. नवीन धर्म, नवीन गाव, वर मीरसाहेब नाहीत. अंगात थोडं वारं शिरलं. ठरवलं की आता कैदी सांगेल तेच लिहायचं.

त्या वाऱ्यात सापडला मोर्शीकडचा एक संत्रीचोर. रात्रीतून एका बागेची झाडं कुणी तरी उतरवली होती. बागेच्या फाटकापासून या गड्याच्या अंगणापर्यंत ओळीनं संत्र्याच्या साली पडलेल्या. चोरताना कोणी पाहिलं नाही. साली मात्र सगळ्या गावानं पाहिल्या. मॅजिस्ट्रेटनं तीन महिने दिले. मी त्याला म्हटलं, तुह्या मनात आहे ते सांग.

"बाबू, मी संत्रं खातच नाई," तो म्हणाला. "आंबटानं माहे दात शिवशिवतात. मी तं नुसतं इकतो."

मी अक्षरशः तेच लिहिलं. सेशन्स कोर्टाचा निकाल दीड पानाचा आला. अपीलदार संत्री खात नाही, विकतो, असं तोच म्हणतो, त्याची बाग नाही, मग विकायला संत्री येतात कुठून, याचा त्यानं खुलासा केलेला नाही, अपील नामंजूर. मी त्याला निकाल समजावून सांगितला. त्यानं शांतपणे ऐकलं.

"तुमी लय खरं लिवता, बाबू," तो म्हणाला आणि कामावर निघून गेला.

या साली पुढे मला फार उपयोगी पडल्या. नवीन वॉर्डर लोकांना परिस्थितिजन्य पुरावा म्हणजे काय हे मी त्यांच्यावरूनच शिकवत असे. डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार नसतो तेव्हा कोर्ट आजूबाजूच्या गोष्टी जुळवतं. साली अंगणापर्यंत आल्या म्हणजे संत्री घरात गेली, हा झाला पुरावा. संत्री खात, साली टाकत शेजारीही आला असेल काय, हा झाला संशय. हा संशय उगाचचा आहे की शहाण्या माणसाला खरोखर पडावा असा आहे, हे ठरवण्यासाठी न्यायाधीश नेमलेला असतो. सगळ्या गोष्टींची साखळी आरोपीच्याच पायाशी येऊन संपली पाहिजे. एक कडी जरी निसटली, तरी त्याला सोडावं लागतं. मला स्वतःला मात्र त्या सालींनी वेगळंच शिकवलं. मी पुन्हा मीरसाहेबांच्या नमुन्यावर आलो आणि अंगातलं वारं गेलं.

आता तुळशीरामची ओळख करून देतो. चांदूर रेल्वेच्या बाजूचा, पन्नाशीचा माणूस. खुनात जन्मठेप. वागणूक चांगली म्हणून त्याला कैद्यांतलाच पहारेकरी केलं होतं, कमरेला पट्टा मिळाला होता. बराकीतून कैदी माझ्या टेबलापर्यंत आणायचा आणि काम होईपर्यंत दारात उभा राहायचा, हे त्याचं काम. संत्रीवाल्यानंतर अमरावतीत नमुन्यावर लिहिलेलं माझं पहिलं अपील त्याचंच. तो तासभर एका विहिरीचं आणि हरवलेल्या म्हशीचं काहीतरी सांगत होता. मी मान हलवत होतो आणि पाच वाक्यं उतरवत होतो. ते अपील पहिल्या फटक्यातच फेटाळलं गेलं. त्याची तुळशीरामनं कधी तक्रार केली नाही. उलट नवीन कैदी आणला की त्याला सांगायचा, "भेऊ नको बावा. माहा अर्ज बी याच बाबूनं लिवला. अक्षर पाह्य कसं मोत्यावानी हाये." मला ते ऐकायला बरं वाटायचं, हे कबूल करतो.

त्यानंच एक दिवस किसनला आणलं. महाराष्ट्र होण्याच्या आदल्या सालची गोष्ट. किसन तिशीतला, अंजनगाव सुर्जीकडचा. अंगानं काटक. अंगठ्यावर पानं खुडायच्या लोखंडी नखीचा घट्टा पडलेला. कलम तीनशे दोन, जन्मठेप.

त्या भागात विड्याच्या पानांचे मळे आहेत. पानवेलीला तिथले लोक देवासारखं जपतात. मळ्याला चारी बाजूंनी कुडाच्या ताट्या असतात आणि एक लहान दार. त्या दारातून वहाणा घालून कोणी आत जात नाही. मालक असो, मजूर असो, पायताण बाहेर काढायचं आणि मग वाकून आत शिरायचं. किसन आणि भाऊराव नावाचा त्याचा सोबती, दोघं मिळून असा एक मळा वाट्यानं करीत. एका सकाळी भाऊराव मळ्यात मरून पडलेला सापडला, डोक्यात घाव. आदल्या संध्याकाळी दोघांना मळ्याकडे जाताना गावानं पाहिलं होतं. दाराबाहेर वहाणांचे दोन जोड होते. एक भाऊरावचा. दुसरा किसनचा, असं गावच्या चांभारानं आपला टाका ओळखून सांगितलं. किसन स्वतः बेपत्ता. दोन दिवसांनी तो अकोल्याला बहिणीच्या घरी सापडला, धोतरावर रक्ताचे डाग. पाहिलं कोणीच नव्हतं, पण रात्री खून करून घाबरून अनवाणीच पळाला, अशी साखळी सरकार पक्षानं जोडली आणि ती किसनच्या पायाशी येऊन संपली.

मी नमुना पुढे ओढला. किसन बोलू लागला.

"बाबू, त्या वहाणा भिजल्या नोत्या. भाऊच्या भिजल्या होत्या, माह्या—"

"थांब," मी म्हटलं. "कोर्टात तू काय सांगितलं? वहाणा तुह्या आहेत म्हणून?"

"नाई. वकीलसाह्यबानं सांगतलं, माह्या नाई म्हन."

"मग आता गप्प राय. तिथी एक आन इथी एक सांगशील तर खोटा पडशील."

मी अपीलदार गरीब व निरपराध आहे इथून सुरुवात केली आणि पूर्वीच्या अदावतीवरून संशयाच्या फायद्यावर उतरलो. अर्ध्या तासात दुसरी दोन अपीलं उरकायची होती. किसनचा अंगठा घेतला, वाचून दाखविला अशी सही केली. वाचून काही दाखवलं नाही. तुळशीराम त्याला घेऊन गेला. जाताना किसननं विचारलं, "बाबू, वहाणाचं लिवलं नं?"

"सगळं लिवलं," मी म्हटलं.

महिना झाला असेल. आमच्याच एका दुसऱ्या कैद्याचा हायकोर्टाचा निकाल आला, तो सुटला होता. असे निकाल क्वचित येत, म्हणून मी तो चवीनं वाचत बसलो. कोर्टानं म्हटलं होतं की, पुरावा सगळा परिस्थितीचा आहे आणि आरोपीचं मयताशी काही वैर होतं असं कोणी म्हणत नाही. कारणाशिवाय माणूस माणसाला कशाला मारील, ही शंका राहते. वाचता वाचता मी थांबलो. किसनच्या खटल्यातही वैराचा पुरावा नव्हता. सगळं गाव म्हणत होतं की दोघं एका ताटात जेवत. सरकार पक्षाजवळ जी कडी नव्हती ती मी अपिलातच घडवून दिली होती: पूर्वीच्या अदावतीमुळे. कोणाची अदावत, कशाची अदावत, मलाच माहीत नव्हतं. नमुन्यात होती म्हणून आली होती.

मग मी किसनच्या खालच्या कोर्टाच्या निकालाची नक्कल काढली. खरं सांगायचं तर आमच्यात निकालाचं फक्त शेवटचं पान वाचायची पद्धत होती. शिक्षा किती आणि केव्हापासून, एवढंच जेलला लागतं. त्या दिवशी मी पहिल्या पानापासून वाचलं. मधे जागेचा पंचनामा उतरवलेला होता. पंच गावचेच, फौजदारासकट सगळ्यांनी पायताणं दारात काढली होती, तसं लिहिलंही होतं. आणि पायताणं काढताना माणूस खाली बघतोच. त्यांनी लिहिलं होतं की दाराशी वहाणांचे दोन जोड लागून पडलेले आहेत. एक वरून-खालून भिजलेला, गाळानं भरलेला. दुसरा तळाशी ओला, वरून कोरडा. न्यायाधीशांनी ते उतरवून घेतलं होतं आणि पुढे गेले होते. त्यांचा दोष नाही. आरोपीच म्हणत होता की वहाणा माझ्या नाहीत. मग त्या ओल्या की कोरड्या, हे त्याच्या बाजूनं कोण बोलणार?

मी तुळशीरामला सांगून किसनला बोलावलं.

"वहाणाचं काय म्हणत होता तू?"

"आता लिवता का?" त्यानं विचारलं.

"आधी सांग."

"शेजारच्या मळ्याचं पानी पाह्यटे सुटते. आमच्या दाराहून पाट जाते अन् तठी रोज फुटते. दारात जे असन ते सारं भिजते. आमी संध्याकाळी गेलतो, मी दिवस बुडता घरी आलो, भाऊ मांगं राह्यला. सकाळी उन्हं आल्यावर मी गेलो. पाट बंद झाल्ता. वहाणा काढल्या, अंदर गेलो तं भाऊ पडला होता. मी त्याले उचलाले गेलो, धोतराले रगत लागलं. मांगच्या ताटीतून निंघालो पोलीस पाटलाकडे. अर्ध्या वाटेत भेव लागला, बाबू. म्हटलं, मीच सापडीन. मंग मोटर धरली. वहाणा ध्यानातच नाई राह्यल्या."

"हे वकिलाला सांगितलं होतं?"

"पह्यल्या दिवसापासून सांगून राह्यलो. ते म्हनत, वहाणा माह्या म्हनलं तं फासाची दोरी आपल्याच हातानं वळशीन. काहून म्हनत होते कोन जाने."

वकील भला माणूस होता. सगळे वकील तेच सांगतात आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं: आरोपीनं काही कबूल करू नये. या एका खटल्यात मात्र वहाणा माझ्या आहेत असं म्हटल्याशिवाय त्या कोरड्या आहेत असं म्हणता येत नव्हतं. रात्री आलेल्या माणसाच्या वहाणा पहाटेच्या पाण्यात कोरड्या राहत नाहीत. एवढं सोपं होतं, आणि ते वकिलापासून माझ्यापर्यंत सगळ्यांनी त्याच्या तोंडातून निघू दिलं नव्हतं.

लिहायला घेतलं आणि हात अडला. संत्रीवाला आठवला. खरं लिहिलं की माणूस अडकतो, हे मी एकदा पाहिलं होतं. इथे तर तीन महिन्यांची गोष्ट नव्हती. हायकोर्टानं फक्त पहिलं अर्धं वाक्य धरलं तर? वहाणा त्याच्याच, हे आता तो स्वतःच म्हणतो, अपील नामंजूर. मी किसनला हे सगळं समजावून सांगितलं. म्हटलं, यात तू सुटशील किंवा पुरता बुडशील, मला सांगता येत नाही.

"बुडलोच तं माह्या बोलन्यानं बुडू द्या नं, बाबू," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या बोलन्यानं एक डाव बुडलो."

आता दुसरी अडचण. पुरवणी अर्ज पाठवायचा तर आधीच्या अर्जातली अदावत खोडायला हवी होती. ती खोडायची तर ती कुठून आली ते सांगायला हवं होतं. मी जेलरसाहेबांकडे गेलो. त्यांनी दोन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेवले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"वाचून दाखविला, याच्याखाली सही कोणाची?"

"माझी, साहेब."

"मग आता काय लिहिणार? वाचून दाखवला नव्हता?"

"होय साहेब."

"असं आजवर कोणी लिहून दिलं आहे का?"

"माझ्या माहितीत नाही."

"माझ्याही नाही," ते म्हणाले. "घरी विचारून या."

घरी मी वडिलांना विचारलं. इथं त्यांच्याबद्दल थोडं सांगावं लागेल. वडील गावचे कोतवाल होते, अक्षरशत्रू. मी लहान असताना गावातल्या एका बड्या माणसानं त्यांना बोलावलं, सरकारी पावती आहे म्हणाला आणि कागदावर अंगठा घेतला. ती एका मारामारीची साक्ष निघाली. मारामारी वडिलांनी पाहिलीच नव्हती. कोर्टात उलटतपासणीत त्यांची फटफजिती झाली आणि गावात त्यांना खोटा साक्षीदार म्हणू लागले. मरेपर्यंत ते नाव सुटलं नाही. त्या अंगठ्यापायीच त्यांनी पोटाला चिमटा घेऊन मला मॅट्रिकपर्यंत शिकवलं. घरी मी त्यांना किसनची गोष्ट सांगितली. त्यांनी सगळी ऐकून घेतली.

"म्हंजे तो अंगठा तू घेतला?" त्यांनी विचारलं.

"हो."

ते उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती, पुढेही वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी मी लिहून दिलं. पहिला अर्ज अपीलदारास वाचून दाखविला नव्हता. अदावतीचा मजकूर अपीलदाराचा नसून माझा आहे. सोबत किसनचं म्हणणं, पाट, पाणी, वहाणा, धोतर, भीती, सगळं त्याच्या क्रमानं. ते मी त्याला दोनदा वाचून दाखवलं. एके ठिकाणी त्यानं मला थांबवलं. मी 'भीतीपोटी पळून गेलो' असं लिहिलं होतं. म्हणाला, "आधी पाटलाकडे निंघालो हे लिवा, मंग पळालो." मी दुरुस्त केलं. दारात तुळशीराम उभा राहून ऐकत होता.

खात्यानं माझी चौकशी केली, एक वेतनवाढ रोखली आणि समज दिली. जेलरसाहेबांनी समज मला वाचून दाखवली. बरोबर आहे काय, असंही विचारलं.

नागपूरला किसनला सरकारी खर्चानं वकील मिळाला. सुनावणीला बरेच महिने गेले. त्या महिन्यांत किसन जेलच्या बागेत कामाला होता. मी पाहायचो तेव्हा पाट फोडून पाणी देत असायचा. आम्ही एकमेकांशी बोलत नसू. मी रोज टपाल उघडताना हायकोर्टाचं पाकीट आहे का ते आधी बघायचो आणि नसलं की बरं वाटायचं.

पाकीट आलं ते एका सोमवारी. या वेळीही मी शेवटचं पान आधी वाचलं. सवय जात नाही. अपील मंजूर. मग पहिल्या पानावर आलो. कोर्टानं म्हटलं होतं की वहाणा आरोपीच्याच आहेत, हे तो आता सांगतो आणि चांभारही सांगतो. पण रात्री खून करून गेलेल्याच्या वहाणा वरून कोरड्या कशा राहिल्या, याचं उत्तर सरकारी वकिलांना देता आलं नाही. पाट कधी सुटतो हे त्यांच्याच साक्षीदारानं सांगितलं आहे. संशय वाजवी आहे, त्याचा फायदा आरोपीला.

अदावतीबद्दल एकच वाक्य होतं. मी त्याची फार धास्ती घेतली होती. कोर्टानं लिहिलं होतं की, हे वाक्य या जेलातून येणाऱ्या बहुतेक अपिलांत शब्दशः असंच असतं, त्यामुळे ते विचारात घेण्याचं कारण दिसत नाही. मला आधी हायसं वाटलं. मग ते वाक्य पुन्हा वाचलं आणि तसं वाटेना.

सुटकेच्या दिवशी किसनला ऑफिसात आणलं. त्याचे कपडे परत दिले. त्यानं विचारलं, "कोर्टानं मी नाई केलं असं म्हटलं का?"

"संशय राहतो असं म्हटलं."

"मंग केलं कोनं?"

"ते कोर्टाला विचारलं नव्हतं."

बाहेर उन्हानं दगड तापले होते आणि तो अनवाणी होता. म्हणाला, "माह्या वहाणा?"

वहाणा कोर्टाच्या मुद्देमालात होत्या. परत मिळवायच्या तर अर्ज करावा लागणार. मी कागद घेतला आणि लिहिलं: सदरहू वहाणा माझ्या आहेत, त्या मला परत मिळाव्यात. वाचून दाखवलं. त्यानं लक्ष देऊन ऐकलं, "बरोबर हाये" म्हणाला आणि अंगठा दिला. मी खाली ती ठरलेली ओळ लिहून सही केली. त्या ओळीतला शब्द न् शब्द खरा होता. किसन रामराम करून फाटकातून बाहेर पडला आणि रस्त्याच्या कडेच्या सावलीसावलीनं चालू लागला.

तुळशीराम दारातच उभा होता. त्याला म्हटलं, जा आता, काम झालं. तो गेला नाही.

"बाबू, येक इचारू?" तो म्हणाला. "माहा अर्ज बी वाचून दाखवता का येकडाव? सुटाचं नाई मले, ते झालं. नुसतं आयकतो."

नाही म्हणायला माझ्याजवळ काही कारण नव्हतं. कपाटातून जुनं दफ्तर काढलं, वरची धूळ झटकली. त्याच्या अर्जाची ऑफिसची प्रत सापडली. अक्षर खरंच चांगलं होतं. मी वाचायला लागलो. तुळशीरामनं टोपी काढली, पट्टा सारखा केला आणि पोथी ऐकायला बसावं तसे हात जोडून उभा राहिला. अपीलदार गरीब व निरपराध आहे. साक्षीदार हितसंबंधी आहेत. पूर्वीच्या अदावतीमुळे. मी सावकाश वाचत होतो, पण पाच वाक्यांना किती वेळ लागणार. विहीर आली नाही, म्हैस आली नाही. शेवटची ओळही मी वाचली, वाचून दाखविला, समजावून सांगितला, आणि माझं नाव वाचलं.

तुळशीरामनं आणखी काही आहे का म्हणून वाट पाहिली. मग हात खाली केले.

"चांगलं लिवलं हाये, बाबू," तो म्हणाला. "कोनाचं हाये?"